तांदळाच्या पिठाचे बाण

त्या शनिवारी सव्वाअकराला कल्याणीचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात शिडीवर उभी होते. मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं आणि आम्ही पुस्तकांची पडताळणी करतो. एकाने पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने यादीत खूण करायची. "आँटी, अप्पा तुमच्याबरोबर आहेत ना?" तिने विचारलं. आवाजात काळजी नव्हती. उत्तर माहीत असतानाही माणूस नुसतं विचारून ठेवतो, तसं ते विचारणं होतं. मी नाही म्हटलं. "त्यांचे शूज घरात नाहीत," ती म्हणाली. "पिठाचा डबा पण नाही." मी हातातलं पुस्तक कसंही फळीवर आडवं ठेवलं आणि खाली उतरले. तिचे वडील, राव, कुठे गेले असतील हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ते तिथे एकटे गेले तर काय होऊ शकतं, हेही मला माहीत होतं. फक्त मलाच माहीत होतं, आणि दीड वर्षात मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

सेतुमाधव राव यांना जाऊन आता नऊ आठवडे झाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. रेल्वेत पुलांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. घराणं तंजावरकडचं मराठी, पण त्यांचा जन्म चेन्नईतला; अड्यारला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मुलगी कल्याणी आणि ते, असे दोघंच राहत. पत्नी बारा वर्षांपूर्वी गेली. रविवारी पहाटे शहराबाहेर नदीकाठाने, तळ्यांच्या बांधांवरून आणि झाडीतून धावणाऱ्या आमच्या दहा-बारा जणांच्या गटाचे ते वाटाडे होते. हा लेख लिहू का, असं मी कल्याणीला विचारलं. "खरं लिहिणार असाल तर लिहा," ती म्हणाली. म्हणून लिहिते आहे, आणि सावकाश लिहिते आहे.

आमची ओळख आठ वर्षांपूर्वीची. मी मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने इथे आले आणि इथेच राहिले. पन्नाशीला साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून सकाळी अड्यार नदी समुद्राला मिळते तिकडच्या बाजूला जाऊ लागले. एकदा वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला आणि मी तिथेच रस्त्यावर बसून म्हटलं, "मेला काटा!" मागून आवाज आला, "मेला नाहीं बाई, जिवंत आहे. बसा तशाच, काढूं." वळून पाहिलं तर उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, अर्ध्या चड्डीत आणि कपाळाला गंध. खिशातून त्यांनी नकाशाला टाचण्या लावतात तसली एक टाचणी काढली आणि काटा अलगद बाहेर घेतला. वर मलाच सुनावलं, "चपलेनें नदीकांठीं येतें काय कोणी? उदईक बूट घालून या." उद्या या शब्दाला उदईक म्हणणारा माणूस मी तोवर फक्त जुन्या कागदांत वाचला होता. मी हसून म्हटलं, "तुमचं मराठी बखरीतलं आहे." ते म्हणाले, "तुमचें वर्तमानपत्रांतलें. रोज शिळें होतें." त्यांच्या बोलण्यात मध्येच तमिळ यायचं, वाक्याचा चढउतार तर सगळाच तमिळ होता, पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तरी मला पोटभर मराठी ऐकायला मिळू लागलं. ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'राव'.

मी बूट घेतले. चालण्याचं धावणं कधी झालं हे नीट सांगता येणार नाही. त्यांनी ते मला कळू दिलं नाही. "मेदुवा, मेदुवा," असं म्हणत, म्हणजे हळू, हळू, आणि स्वतः माझ्या चालीने धावत. पुढे रविवारच्या गटात घेतलं. तिथले बाकीचे बहुतेक तमिळ होते. त्यातले मुत्तु पोस्टातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, धावण्यापेक्षा धावून झाल्यावरच्या इडलीवर अधिक श्रद्धा असलेले. ते रावांना 'सार' म्हणत, म्हणजे सर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. सार कुणाला हरवू देत नाहीत. मी तर चारदा प्रयत्न केला." चेंगलपट्टूची पहाटेची गाडी धरून आम्ही उतरायचो, स्टेशनाबाहेर कॉफी घ्यायचो आणि मग रिक्षांत दाटीवाटीने बसून पालार नदीच्या अंगाला जायचो. कधी तळ्यांच्या बांधावरचा मार्ग असे. कधी अड्यार नदीच्याच वरच्या अंगाला जायचं. शहरातली अड्यार दिसायच्या आधी नाकाला कळते. पण वर, ती अजून शहरात शिरलेली नसते तिथे, लव्हाळ्यांच्या मधून तिचं एवढंसं पाणी जातं आणि खंड्या त्यावर बसून राहतो. राव तिथे थांबत आणि म्हणत, "पाहा, लहानपणीं बरी होती पोर."

पण त्यांचा जीव खरा पालारवर. पालार ही वर्षातले बहुतेक दिवस पाण्याची नदी नव्हेच, वाळूची. पैलतीर डोळे बारीक करून पाहावा लागतो इतकं रुंद पात्र, आणि त्यात पिवळी, रेघारेघांची वाळू. काठाने आधी ताडांची रांग, मग शेतं, मग सुरूचं मोठं बन आणि त्यापलीकडे राखीव जंगलाची कड. सुरूच्या बनात शिरलं की पायांचा आवाज बंद होतो. खाली गळून पडलेल्या तांबूस काड्यांचा थर असतो, वर वारा समुद्रासारखा वाजतो, आणि दहा जण पुढेमागे धावत असूनही प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं. पात्रात वाळू उपसून केलेले खड्डे दरवर्षी वाढत होते. राव त्यांच्याकडे पाहून काही बोलत नसत, फक्त पुढच्या रविवारी मार्ग थोडा आत सरकलेला असे. आयुष्यभर पूल काढलेल्या माणसाला कोरडी नदी पाहून काय वाटत असेल, हे मी एकदा विचारलंही. "पूल आहे तोंवर नदी आहे असें धरून चालायचें," ते म्हणाले, आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. ती सुटलेली नव्हती.

मार्ग ठरवण्याची त्यांची एक रीत होती. आदल्या शनिवारी जाऊन तो आधी चालत पाहायचा, एकदा जाताना आणि एकदा उलट येताना, कारण उलट येताना तोच फाटा वेगळा दिसतो असं त्यांचं म्हणणं. मग घरी येऊन पारदर्शक कागदावर शाईने नकाशा. त्यात ताड मोजून दाखवलेले, विहिरी गोल आणि देवळं त्रिकोणी. समासात बारीक अक्षरात सूचना: 'येथें दोन कुत्रीं. भुंकतात, चावत नाहींत. थांबूं नये.' 'चिंचेखालीं आजी अंगण झाडते. हळू जावें, धूळ उडवूं नये.' 'येथून दोनशें पावलें बोलूं नये, बगळ्यांचीं पिलें आहेत.' नकाशा मराठीत. गटात तो वाचू शकणारी मी एकटीच. मुत्तु म्हणत, "हे सगळं तुम्हां दोघांचं कारस्थान आहे." नकाशा वाचता येत नाही म्हणून बाकीच्यांसाठी वाटेवर बाण असत, आणि ते बाण तांदळाच्या पिठाचे.

रविवारी आम्ही कॉफी घेत असताना राव अर्धा तास आधी पुढे जात. हातात पत्नीचा पितळी डबा, ज्यात ती दाराशी कोलम, म्हणजे रांगोळी, काढायचं पीठ ठेवत असे. इथे उंबऱ्यापुढे रोज सकाळी जे कोलम काढतात, ते जुनी माणसं अजून तांदळाच्या पिठाचंच काढतात. मुंग्यांना खायला मिळतं. ती गेल्यावर डबा भरलेला राहिला होता. सुरुवातीला राव खडूची भुकटी वापरत, ती आठवडाभर टिके आणि पुढच्या रविवारी जुना बाण नव्या बाणाशी भांडे. झाडाला फिती बांधणं त्यांना आवडत नसे. पिठाचा बाण सकाळी दिसतो आणि दुपारपर्यंत मुंग्या तो साफ करतात. "आपण गेल्याचें मागें कांहीं राहतां नये," ते म्हणत. प्रत्येक फाट्याला दोन बाण: एक वीस पावलं अलीकडे, कुठे वळायचं ते सांगणारा, आणि दुसरा वळल्यावर दहा पावलांवर, लहानसा. त्याला ते खातरजमेचा बाण म्हणत. दमलेल्या माणसाला वळण घेतल्यावर शंका येते, तेव्हा हा बाण दिसला की पाय हलके होतात. साडेसहा वर्षांत आमच्यातलं कुणी एकदाही चुकलं नाही.

चुकलो ते दीड वर्षापूर्वी, सगळे एकदम. बाण डावीकडे, खातरजमेचा बाणही डावीकडे, आणि आम्ही सारे एका वीटभट्टीवर जाऊन उभे. भट्टीवरची बायामाणसं आमच्याकडे पाहून हसू लागली. मुत्तु म्हणाले, "सारांनी आज आपल्याला कामाला लावायचं ठरवलंय." रावही हसले, नवी वाट शोधली म्हणाले. परत फिरताना मी त्यांच्या बाजूने धावत होते. ते प्रत्येक ताडाकडे पाहत होते. वर्गात अचानक प्रश्न विचारल्यावर मुलगा जसा भिंतीवर उत्तर शोधतो, तसे... त्या फाट्यावरून आम्ही तोवर निदान तीस वेळा तरी गेलो असू.

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्याबरोबर अर्धा तास आधी निघू लागले. मी सर्वांत हळू, मला आधी निघू द्या, असं गटाला सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. राव पुढे, मी दहा-पंधरा पावलं मागे. कमरेच्या पिशवीत तांदळाच्या पिठाची पुडी ठेवत असे. बहुतेक बाण बरोबर असत. एखादा चुके. तो मी बुटाने पुसायची, शेजारी नवा काढायची, आणि पुढे जाऊन म्हणायची, "राव, इकडून जायचं ना?" ते म्हणत, "होय, इकडूनच." त्यांची रेघ ड्राफ्ट्समनची, माझी वाकडी; पण धावणाऱ्याला ते दिसत नाही. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा माझा पाय बाणावरच होता. "काय करतां?" त्यांनी विचारलं. "खडा होता," मी म्हटलं. ते माझ्याकडे, मग जमिनीकडे बराच वेळ पाहत राहिले. "खडा असला तर सांगावें बाई," ते म्हणाले. "मनुष्य पडतो." मी हो म्हटलं, आणि त्यानंतरही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. माझ्या सासूबाईंना शेवटच्या चार वर्षांत असाच विसर पडू लागला होता. घरात ते उच्चारलं गेलं त्या दिवसापासून त्यांच्या हातातून एकेक गोष्ट निघून गेली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग फाटक... शेवटी एक खोली आणि तिला बाहेरून कडी. ती कडी मीच लावत होते. रावांना शनिवार-रविवार सोडून दुसरं काही नव्हतं. कल्याणी काळजी घेणारी मुलगी; तिला कळलं असतं तर तिने त्यांना रेल्वे स्टेशनापर्यंतही एकटं जाऊ दिलं नसतं, आणि तिचं ते बरोबर असतं. मला वाटलं, मी मागे आहे तोवर बाण पुसता येतील. हे शहाणपण नव्हतं, मला तो दुसऱ्यांदा कडी लावायचा प्रसंग नको होता.

पोंगलच्या सुमारास एकदा त्यांच्या घरी गेले होते. राव बाहेर नकाशा काढत बसले होते. कल्याणीने स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "आँटी, अप्पा तिकडे ठीक असतात ना? वाटेत वगैरे?" ती कढईतलं काहीतरी हलवत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. मी म्हटलं, "अगं, आम्हांला रस्ता दाखवतात ते. त्यांना काय होतंय!" तिने गॅस बंद केला आणि हसली. मला ते हसू आवडलं होतं.

मे महिन्यात इथे कत्तिरीचं, म्हणजे वर्षातलं सर्वांत कडक, ऊन असतं. त्या दोन-तीन आठवड्यांत आम्ही पालारकडे जात नाही, शहरातच झाडांखाली धावतो, हा रावांचाच नियम. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "उदईक मार्ग पाहावयास जायचें ना?" मी म्हटलं, "राव, कत्तिरी चालू आहे. शिवाय मला पडताळणीचं काम आहे. उद्या जायचं नाही. तुम्हीही जाऊ नका." "सरी," ते म्हणाले. बरं. एवढंच. शनिवारी राव झोपलेत असं समजून कल्याणी आठ वाजता जवळच्याच ऑफिसात गेली, अकराला तिने घरी फोन केला, तो कुणी उचलला नाही, म्हणून ती धावत घरी आली.

कल्याणी पोलिसांकडे गेली. मी आणि मुत्तु त्यांच्या गाडीतून थेट पालारकडे गेलो. दोन वाजत आले होते. गावातल्या चहावाल्याने सांगितलं, सहाच्या सुमारास पेरियवर, म्हणजे मोठे गृहस्थ, नेहमीसारखे गेले, हातात डबा होता, आज बाकीचे कुठे आहेत असं त्याने विचारलं, तर 'मागून येताहेत' म्हणाले. म्हणजे त्यांच्या मनात तो रविवार होता. आम्ही त्यांच्यामागून येणार होतो... आलो, पण आठ तासांनी.

पहिल्या फाट्यांवर बाण जवळजवळ उरलेच नव्हते. मुंग्यांची रांग जिथे दाट दिसेल तिथे बाण होता असं समजायचं. ते सगळे बरोबर होते. सुरूच्या बनाच्या तोंडाशी मात्र मी थांबले. तिथे उजवी वाट नदीवर जाऊन गावाकडे निघते. डावी वाट बनाला वळसा घालते आणि फिरून त्याच तोंडाशी येते. तिथे शेजारी शेजारी तीन बाण होते, तिन्ही डावीकडे. एकाचा फक्त माग उरला होता, दुसरा अर्धा खाल्लेला, तिसरा बऱ्यापैकी शाबूत. ते पाहिल्यावर मला कुणी काही सांगण्याची गरज नव्हती. ते डावीकडे गेले होते, फिरून इथेच आले होते, समोर बाण दिसला होता, आणि बाणावर विश्वास ठेवून पुन्हा निघाले होते. दर फेरीला शेजारी एक नवा बाण, मागून येणाऱ्या आमच्यासाठी. वळणानंतर दहा पावलांवर खातरजमेचे बाणही होते, तेही तीन.

ते बनाच्या आतल्या बाजूला एका सुरूला टेकून बसलेले सापडले. डबा मांडीवर होता, झाकण लावलेलं. मुत्तु त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि खांद्याला हात लावून म्हणाले, "सार, एळुंदिरिंग... सार," उठा ना, असं, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, झोपलेल्या माणसाची झोपमोड करताना संकोच वाटतो तसं. मग फोन लागेना म्हणून ते रस्त्याकडे पळाले. आठ वर्षांत मी त्यांना इतक्या वेगाने धावताना पाहिलं नव्हतं. मी एकटी राहिले. आणि मग मी जे केलं ते लिहायला मला सर्वांत जड जातं आहे. मी उठून बनाच्या तोंडाशी गेले आणि ते तिन्ही बाण बुटाने पुसले. खातरजमेचेही पुसले. कुणी येईल आणि पाहील, राव चुकले होते हे लोकांना दिसेल, एवढंच तेव्हा मनात होतं. हाताला, पायाला जी सवय लागली होती तिने ते काम उरकलं. पोलीस आणि कल्याणी आले तेव्हा जमीन स्वच्छ होती.

उन्हाने हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तेरा दिवस रावांच्या दारापुढे कोलम नव्हतं. येणारे म्हणत, भाग्यवान माणूस, आवडत्या जागी गेला, कुणाला त्रास दिला नाही. कल्याणी प्रत्येकाला एकच सांगत होती, मराठीत, तमिळमध्ये, जो येईल त्याच्या भाषेत: "ओळखीच्या जागी गेले. वाट पायाखालची होती." मी भिंतीशी बसून ते ऐकत असे. तेराव्यालाही ऐकलं. तिच्याजवळ तेवढं एकच वाक्य उरलं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. ते तिला ठेवू द्यावं की काढून घ्यावं... पुस्तकं वाचून असल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पण पुढे दर आठवड्याला मी तिला भेटायला जाई, ती ते वाक्य पुन्हा म्हणे, आणि दर वेळी मी आणखी एक बाण पुसते आहे असं मला वाटे.

महिन्यानंतर एका सकाळी तिने मला बोलावलं. जमिनीवर सगळे नकाशे पसरले होते, ते एकत्र शिवून ठेवायचे होते. अप्पांचं हस्ताक्षर मला लागत नाही, तुम्ही वाचून दाखवा, म्हणाली. मी पालारचा नकाशा हातात घेतला आणि वाचण्याऐवजी सांगायला सुरुवात केली. वीटभट्टी, पिठाची पुडी, खडा, तीन बाण. शेवटी मी ते पुसले हेही. माझं संपल्यावर विचारलं, "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"मी तुम्हांला विचारलं होतं."

"हो."

"इथेच विचारलं होतं. किचनमध्ये."

"हो, कल्याणी."

ती उठून खिडकीशी गेली. तिने पाठ फिरवूनच बोलायला सुरुवात केली, मराठी अपुरं पडलं तिथे तमिळमध्ये. घरात ते दोन वर्षांपासून विसरत होते. तिला आईच्या नावाने हाक मारत. एकदा गॅस तसाच राहिला. ती त्यांना डॉक्टरांकडे नेत होती, आणि गटाला कळलं तर त्यांना नेणं बंद करतील म्हणून हे तिने आमच्यापासून लपवलं होतं. "डॉक्टर दर वेळी एकच विचारायचे," ती म्हणाली. "बाहेर वाट चुकतात का? मी 'नाही' म्हणायचे. दर रविवारी दहा माणसांना जंगलातून नेऊन आणतात, असं सांगायचे. हौसेने सांगायचे, आँटी. डॉक्टर म्हणायचे, मग अजून वेळ आहे, बाहेर जाऊ द्या. म्हणून मी जाऊ देत होते." मग ती वळली. "तुम्ही बाण नीट केलेत म्हणून मी त्यांना एकटं सोडलं."

"आता तुम्ही जा," ती म्हणाली. मी नकाशा खाली ठेवला आणि जिना उतरले.

ऊन उतरल्यावर आम्ही पुन्हा पालारकडे जाऊ लागलो आहोत. पिठाचा विषय कुणी काढत नाही. आता मी पुढे जाते आणि फाट्यावर स्वतः उभी राहते, शेवटचा माणूस वळेपर्यंत. दुसऱ्या फाट्यावर मुत्तु उभे असतात. सुरूच्या बनाशी मी उभी असते. वारा पूर्वीसारखाच वाजतो. एखादी दमलेली बाई "राइट?" असं ओरडून विचारते, आणि मी ओरडून "राइट" म्हणते. तेवढंच काय ते.

कल्याणीचा दहा-बारा दिवस फोन नव्हता. मग एका शनिवारी संध्याकाळी आला. "उद्या कुठे जाणार?" तिने विचारलं. आवाज कोरडा होता. मी सांगितलं. "कोण कोण आहे? कुठल्या फाट्यावर कोण? परत किती वाजता?" मी एकेक सांगत गेले आणि ती लिहून घेत असावी, कारण मध्ये मध्ये थांबत होती. "पोचल्यावर फोन करा," म्हणाली आणि ठेवला. तेव्हापासून दर शनिवारी ती विचारते, दर रविवारी मी घरी पोचल्याचं कळवते. दुसरं बोलणं होत नाही. माफीचं तर नाहीच. वडिलांच्या बाबतीत जे प्रश्न विचारायचे राहिले, ते ती मला विचारते आहे, असं मी समजते.

गेल्या रविवारी मी कळवायला विसरले. घरी आले, आंघोळ केली, पेपर घेऊन बसले. फोन पिशवीतच राहिला होता. काढून पाहिला तर तिचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा वाजला तो मी उचलला. तिला धाप लागली होती, जिना उतरत असावी.

"कुठे आहात तुम्ही?" ती ओरडली.

"घरी. अगं, विसरलेच बघ मी."

पलीकडे रस्त्यावरचे आवाज येत होते.

"तुम्ही पण विसरायला लागलात काय, आँटी?" तिने विचारलं. यावर हसता आलं असतं. ती हसली नाही, मीही नाही. आणि दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही.